वरची होडी

शिवडी कोळीवाडा,
चैत्र वद्य ५, शके १८१६

रामचंद्र,

वर श्री घातला नाही, खुशाली विचारली नाही, ती विसरलो म्हणून नव्हे. तुझी खुशाली ऐकायला मला वेळ नाही. पत्ता तुझ्या आईनं दिला. लालबागला तीन खेपा घातल्या तेव्हा कुठं मीराबाईंनी चिठ्ठी हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "धोंडू, काय लिहायचं ते लिही, पण माझ्या पोराला तळतळाट देऊ नकोस." मी कबूल झालो. म्हणून हे पत्र एवढं गोड आहे.

बडोद्याला मास्तर झालास म्हणे. पोरांना वाफेची यंत्रं शिकवतोस. त्यांना हेही शिकव, की गेल्या वैशाखात तू शिवडीच्या किनाऱ्यावर पुरुषभर उंचीचा दारूगोळ्याचा बाण उभा केलास, तो वर जायच्या ऐवजी जागीच फुटला, आणि पावसाळ्यासाठी ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या कोळीवाड्याच्या तीन होड्या त्यात जळाल्या. माझ्या भावाचा, हरेश्वरचा, उजवा हात भाजला. त्याची तीन बोटं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. गणपत पाटलांनी तुला देवीच्या पायरीवर उभं करून विचारलं, "बाबा, हे झालं कसं?" तेव्हा तू खाली बघून म्हणालास, "दारू हरेश्वरनं ठासली होती. ठासण्यात कसूर राहिली असेल." एवढं बोललास आणि आठ दिवसांत बडोद्याची गाडी पकडलीस.

तुझ्या त्या एका वाक्यावर जमातीनं माझ्या भावाला वाळीत टाकलं. कोणी त्याला होडीवर घेत नाही, माझ्यासुद्धा. मी होडीचा तांडेल असून माझ्या सख्ख्या भावाला माझ्या होडीला हात लावता येत नाही. त्याची बायको शेवंता बाजारात टोपली घेऊन बसली की बाकीच्या बाया चार हात लांब सरकतात. हरेश्वर रोज उठून रे रोडच्या लाकडाच्या वखारीत जातो आणि त्या असल्या हातानं ओंडके ढकलतो. ज्या पावसाळ्यात तो तुझ्या गिरणीच्या फिटरखात्यात कामाला आला आणि तुझी त्याची ओळख झाली, तो पावसाळा आमच्या घराला नडला.

आता कामाचं सांगतो. पाटील म्हणाले आहेत, "ज्यानं देवीसमोर हरेश्वरचं नाव घेतलं, त्यानंच स्वतःच्या हातानं लिहून द्यावं की दोष त्याचा नव्हता. मग नारळी पौर्णिमेला हरेश्वरला होडीवर घेऊ." नारळ सोडून होड्या निघाल्या की ही गोष्ट पुन्हा वर्षभर कोणी काढणार नाही, आणि दुसरं वर्ष त्या वखारीत काढणं हरेश्वरला झेपायचं नाही. तेव्हा एक कागद लिही. मराठीत लिही. कोळीवाड्यात चार यत्ता शिकलेला मी एकटा, जमातीला वाचून मीच दाखवणार आहे.

दोन ओळी पुरेत. पांडित्य नको.

धोंडू तांडेल


शिवडी,
वैशाख वद्य ८

रामचंद्र,

पत्र मिळालं. मी दोन ओळी मागितल्या, तू तीन पानं पाठवलीस. त्यात दारू आहे, नळी आहे, आगीचा वेग आहे, आणि मागितलेल्या दोन ओळी तेवढ्या नाहीत. वर मलाच विचारतोस, की नळीचे तुकडे कुणी जपून ठेवलेत का, कागदाचे थर कुठून सुटले, दोरा कुठं तुटला. इथं भाऊ मेल्यागत जगतोय आणि तुला दोऱ्याची पडली आहे.

तू लिहितोस, "हिशेब बरोबर होता, बाण फुटायला नको होता." मग फुटला कसा? म्हणजे फिरून हरेश्वरच ना?

एक गोष्ट तुला आठवण करून देतो, कारण बडोद्याची हवा लागून तू विसरला असशील. गिरणीतून सुटून तू शिकायला जायचास, तिथल्या मास्तरांनी तुला भर वर्गात हसून खाली बसवलं होतं. बाण हवेला रेटून वर जातो, हवा संपली की रेटणार कशाला, चंद्राकडे जायच्या गप्पा कसल्या करतोस, असं म्हणाले होते. तू तोंड पाडून आमच्या ओटीवर येऊन बसलास. तेव्हा तुला होडीत घालून खाडीत कुणी नेलं? हरेश्वरनं. मीही होतो. वारा पडला होता. त्यानं वल्ही आत घेतली, होडीला भार म्हणून तळाशी दगड ठेवतो ते उचलले आणि एकेक करून मागं फेकायला लागला. दगड मागं गेला की होडी वीतभर पुढं. "बघ रं रामा," तो म्हणाला, "पाण्याला वल्हं नाय, वाऱ्याला शीड नाय. दगड मागं गेला, होडी पुढं आली. हवा हाय का नाय, दगडाला काय करायचंय?" तू होडीतच उठून नाचायला लागलास. मी तुला मानगूट धरून खाली बसवलं, नाहीतर तिघेही बुडत होतो.

बाण मागं आग फेकतो म्हणून पुढं जातो, आणि हवेच्या पलीकडंही जाईल, हे तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर इंग्रजीत लिहिलेलं आहे. खाली हरेश्वरचं नाव आहे का?

आणि मी काय विचारलं होतं तेही आठव. मी म्हटलं, दगड संपले की परत कशानं येणार? तू म्हणालास, अर्धे राखून ठेवायचे. मी म्हटलं, मग ते अर्धे जाताना ओझं म्हणून वाहायचे, ते वाहायला आणखी दगड लागणार, आणि त्या दगडांना वाहायला आणखी. अशानं होडी दगडांचीच होईल, माणूस कुठं बसणार? तू उठून गेलास. दोन दिवस फिरकला नाहीस. तिसऱ्या दिवशी आलास तो एकावर एक तीन बाणांचं चित्र घेऊन. खालचा रिकामा झाला की टाकून द्यायचा, मग वरचे हलके. वर पाणी नाही तर सुकाणू कशात बुडवणार, हेही मीच विचारलं. त्यावर तू आगीच्या तोंडाशी पत्र्याची पानं लावायचं काढलंस. हरेश्वर त्या चित्राला "वरची होडी" म्हणायला लागला. जेवताना, जाळं विणताना, बघावं तेव्हा वरची होडी. मी दोघांना वेड्यात काढत होतो.

कागद कधी पाठवतोस ते लिही. बाकी काही लिहू नकोस.

धोंडू


शिवडी,
ज्येष्ठ शुद्ध ११

रामचंद्र,

तुला सरळ मराठी समजत नाही असं दिसतं. पुन्हा कागद नाही. या वेळी एकच प्रश्न: "शुक्रवारी संध्याकाळी बाण तयार होऊन तुमच्या पडवीत ठेवला, शनिवारी दुपारी पेटवला. मधल्या वेळात त्याला कोणाचा हात लागला?"

तू फौजदार कधीपासून झालास?

कोणाचाही हात लागला नाही. ऐक, म्हणजे तुझं समाधान होईल. बाण पडवीत आडवा होता, त्यावर घोंगडी होती. हरेश्वर त्याच्या शेजारीच निजला होता, नव्या नवरीच्या उशाशी निजावं तसा. मी पहाटे उठलो, पण मी रोजच पहाटे उठतो. पडवीत गेलो असेन, तर ती वाट ओहोटी बघायला जायची आहे. तिथं मुशी माशाच्या तेलाची बुधली असते, ती बारा महिने तिथंच असते, होडीच्या फळ्यांना लागतं. तिचा बाणाशी काही संबंध नाही. सकाळी शेवंता झाडायला आली तेव्हा बाण होता तसा होता, तिलाही विचार. म्हणजे कोणाचा हात लागला नाही, झालं समाधान?

तुला दुसऱ्याच्या घरात चोर शोधायचा आहे. पण देवीच्या पायरीवर खाली मान घालून माझ्या भावाचं नाव मी घेतलं नव्हतं, तू घेतलंस. त्या वेळी हरेश्वर कुठं होता माहीत आहे? हात पाण्यात बुडवून ओरडत होता, मग शुद्धच गेली. त्याला कोणी विचारलंच नाही. शुद्धीवर येऊन त्यानं पहिलं काय विचारलं सांगू? "रामाला लागलं नाय ना?"

काल वखारीत गेलो होतो. सागाचा ओंडका गाडीवरून उतरवत होते. हरेश्वरनं डावा खांदा लावला होता, उजवा हात पोटाशी धरलेला. मुकादम त्याला "ए थोट्या" म्हणून हाक मारतो. हरेश्वर ओ देतो. मी मुकादमाच्या अंगावर धावलो तर हरेश्वरनंच मला अडवलं. "दादूस, तू जा. हितं येऊ नको," म्हणाला. त्याच्या तोंडाकडं बघवेना म्हणून मी परत फिरलो.

तो हल्ली माझ्याशी फारसं बोलत नाही. तुझ्यामुळं.

पौर्णिमेला दोन महिने आहेत. कागद पाठव.

धोंडू


शिवडी,
आषाढ वद्य ३

रामचंद्र,

महिना घालवून तू एक ओळ पाठवलीस. "धोंडू, मी तेलाबद्दल विचारलं नव्हतं."

मी ती ओळ वाचली, चुलीत घातली, आणि तरी ती पाठ झाली.

मी तेलाची बुधली लिहिली, कारण पडवीत जे जे होतं ते सगळं लिहिलं. घोंगडी लिहिली, शेवंता लिहिली, ओहोटी लिहिली. त्यातलं तू तेवढंच उचललंस. वकिली शिकला असतास तर नाव काढलं असतंस.

तुझ्या आईकडे गेलो होतो. खोटं बोलत नाही, भांडायलाच गेलो होतो. मीराबाईंनी पाट मांडला, चहा केला. मग म्हणाल्या, "त्याची एक जुनी पेटी आहे. त्यात कसला जळका तुकडा फडक्यात बांधून ठेवलाय. माझ्या लुगड्यांना मासळीच्या तेलाचा वास लागला, तीनदा धुतली तरी जात नाही. टाकून देऊ का?" मी म्हटलं, टाका. त्या म्हणाल्या, "पण तो म्हणाला होता, धोंडूनं स्वतः मागितला तर दे, नाहीतर हात लावू नको." मी चहा तसाच ठेवून उठलो. तुझ्या आईच्या दारातून मी असा कधी उठलो नव्हतो.

म्हणजे तू गेलास त्या दिवसापासून तो तुकडा तिथं ठेवून गेला आहेस. सापळा लावून बसलास होय? मग पाटलांना का सांगितलं नाहीस? घाबरलास? का मजा बघत होतास?

आता माझं ऐक. कागद आला नाही, तर मी स्वतः बडोद्याला येईन. तुझ्या शाळेच्या हेडमास्तरांसमोर उभा राहीन आणि सांगेन की हा माणूस सरकारची परवानगी नसताना दारू कुटत होता, यानं तीन होड्या जाळल्या, आणि पळून आला. मग बघू पोरांना कसली यंत्रं शिकवतोस. मला लाज वाटेल असं समजू नकोस. वखारीत भावाला बघून आलेल्या माणसाला लाज उरत नाही.

श्रावण शुद्ध चतुर्दशीला दुपारी जमात बसणार आहे. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा.

धोंडू


शिवडी,
श्रावण शुद्ध १०

रामचंद्र,

आला तुझा कागद.

"मी, रामचंद्र, राहणार लालबाग, हल्ली बडोदे, लिहून देतो की बाणाची रचना माझी, दारूचं प्रमाण माझं आणि चूकही माझी. हरेश्वर यानं मी सांगितलं तसंच आणि चोख काम केलं. त्याचा कोणताही दोष नाही. देवीसमोर मी त्याचं नाव घेतलं ते भीतीनं घेतलं. जमातीनं मला काय शिक्षा द्यायची ती द्यावी." खाली सही. अक्षर छापल्यासारखं.

मला हवं होतं ते सगळं त्यात आहे. मी पडवीत बसून तो दहा वेळा वाचला. मग पाकिटात खाली अडकलेली दुसरी चिठ्ठी निघाली.

तू लिहितोस, हेडमास्तरांना तूच सगळं सांगून टाकलंस, मी गाडीभाड्याची तोशीस घेऊ नये, नोकरी बहुधा जाईल. लिहितोस, दारू नळीच्या भिंतीला घट्ट धरून असली पाहिजे. कागदाच्या नळीत बाहेरून तेल मुरलं की ती धरलेली सुटते, केसाएवढी फट पडते, आग त्या फटीतून कडेकडेनं खाली धावते आणि थोडी थोडी जळायची दारू सगळी एकदम पेटते. लिहितोस, पेटी भरताना तुकड्याला वास आला तेव्हा तुला कळलं, पण तोवर एका भावाचं नाव घेऊन झालं होतं, आता दुसऱ्याचं घ्यायला जीभ उचलली नाही. आणि शेवटी लिहितोस, "वाचून दाखवणारा तूच आहेस. कागद पुरेसा आहे. बाकी तुझं तू बघ."

तुझं तू बघ. वा रे वा. मला शिव्या दिल्या असत्यास तर मी उलट दिल्या असत्या. खोटा ठरवलं असतंस तर तुझ्या दारात येऊन मारामारी केली असती. तू कागद देऊन मोकळा झालास आणि माझ्या हातात हे ठेवलंस. तुझा असा राग मला या पंधरा महिन्यांत आला नव्हता.

होय, मी तेल लावलं.

आमच्याकडे नवं काही पहिल्यांदा पाण्यात जायचं असलं, की निघायच्या दिवशी पहाटे तांडेल स्वतःच्या हातानं त्याला तेल लावतो. वल्हं असो, फळी असो, नवी होडी असो. माझ्या बापानं लावलं, आज्यानं लावलं. ते लावल्याशिवाय नवी चीज आम्ही बाहेर काढत नाही. मी तुम्हा दोघांना वर्षभर वेड्यात काढलं. जेवताना टोमणे मारले. शेजाऱ्यांना सांगितलं की माझा भाऊ चंद्रावर मासे विकायला चाललाय. आणि त्या पहाटे पडवीत गेलो तर तो बाणाशेजारी तोंड उघडं टाकून निजला होता. मला वाटलं, ह्याची पहिली होडी आहे ही. कसलीही असो, होडी आहे. बाप असता तर त्यानं लावलं असतं. मी बुधली घेतली आणि खालपासून वरपर्यंत नीट चोळून तेल लावलं. कागदानं ते पिऊन टाकलं, म्हणून आणखी लावलं. दुपारपर्यंत वरून काही दिसेना. मला बरंच वाटलं, कुणाला दिसलं असतं तर हसले असते.

बाण फुटला तेव्हा मला लगेच कळलं असं नाही. पण दोन दिवसांत कळलं. तोवर पाटलांनी हरेश्वरचं नाव ऐकलं होतं. मी मनाशी म्हटलं, तांडेल वाळीत पडला तर होडीवरची अकरा माणसं उपाशी मरतील. हरेश्वर धाकटा आहे, सोसेल. वर्षभरानं बहिष्कार उठवतील. मग मी तुझ्यावर राग धरला. तो धरायला सोपा होता, तू लांब होतास.

कागद पेटीत ठेवला आहे. चतुर्दशीला चार दिवस आहेत. वाचला की काम होतं. तुझी नोकरी गेलीच आहे, आणि तूही पाप केलंच आहेस.

हे पत्र टाकू की नको, ठरत नाही.

धोंडू


शिवडी,
श्रावण वद्य २

रामचंद्र,

मागचं पत्र टाकलं नव्हतं. ते यासोबत आहे. आधी ते वाच.

चतुर्दशीला दुपारी जमात देवळासमोर बसली. हरेश्वर रीतीप्रमाणे लांब, वडाखाली. शेवंता त्याच्या मागं. गणपत पाटील म्हणाले, "धोंडू, कागद आलाय म्हणतोस, वाच." मी उभा राहिलो. "मी, रामचंद्र, राहणार लालबाग" एवढं वाचलं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, कागदाकडं कोणी बघत नव्हतं. त्यांना वाचता येत नाही, मी वाचीन ते खरं धरणार होते. मला पुढची ओळ दिसत होती आणि वाचवत नव्हती.

मी कागद घडी करून खिशात घातला. म्हटलं, "यानं सगळं स्वतःवर घेतलंय. ते खरं नाही. हरेश्वरच्या ठासण्यात खोट नव्हती, ह्याच्या हिशेबातही नव्हती. बाणाला मी तेल लावलं, म्हणून तो फुटला." आणि कसं, कधी, ते सांगितलं. कशासाठी, ते सांगता आलं नाही. पाटलांनी विचारलं, "तांडेल असून तुला दारूशेजारी तेल नेऊ नये कळलं नाही?" मी म्हटलं, नाही कळलं. ज्यांच्या होड्या जळल्या त्यातल्या एकानं माझ्या अंगावर वहाण भिरकावली. ती लागली. मी ती उचलून त्याच्यासमोर ठेवली.

पाटलांनी फार वेळ घेतला नाही. हरेश्वरला तिथल्या तिथं वडाखालून उठवून ओळीत बसवलं. माझ्यासाठी सांगितलं, की जेवढे दिवस भाऊ बाहेर राहिला तेवढे दिवस मी बाहेर. होडी हरेश्वर चालवील. मी हात जोडले. तू मला पहिल्याच पत्रात तेलाचं तोंडावर विचारलं असतंस, तर मी खोटं बोललो असतो, हे मान्य करतो. तरी तू देवीसमोर जे बोललास त्याची माफी तुला नाही. तुझा कागद परत पाठवतो आहे. हेडमास्तरांना माझं हे पत्र दाखव, नोकरी राहते का बघ.

जमात उठल्यावर हरेश्वर माझ्यामागून चालत आला. घराच्या वळणावर मी थांबलो. मला वाटलं, मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "दादूस, बाण उभा करायला उचलला तवाच माझ्या हाताला बुळबुळीत लागलं होतं. वास पण आला."

मी विचारलं, "मग तू पाटलांना का नाही सांगितलंस? पंधरा महिने ओंडके वाहिलेस."

तो म्हणाला, "तू तेल कशापायी लावलंस ते मला ठावं होतं. ते मी चारचौघांत गुन्हा म्हणून कसं सांगू? ते तू सांगायचंस. मी रोज बघत होतो, तू आज सांगशील, उद्या सांगशील."

एवढं बोलून तो आत गेला. काल होडी घेऊन बाहेर पडला. उद्यापासून रे रोडच्या वखारीत मी जातो. मुकादमाशी बोललो आहे.

हरेश्वर त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

धोंडू